राखणदार आणि साखळी

भोपाळला गेलेला गोमंतकीय भारत भवन पाहिल्याशिवाय परतत नाही, आणि परतल्यावर ते आपल्या चार्ल्स कोरियांचे काम आहे असे चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. (त्यांच्याच पणजीतील कला अकादमीची आपण काय गत केली, तो विषय पुन्हा केव्हातरी.) मला मात्र आज भोपाळमधल्या वेगळ्याच जागेविषयी लिहायचे आहे. मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलाच्या २३व्या वाहिनीच्या आवारात पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. वाघाची हाडे, बिबट्याचे कातडे, हस्तिदंत असा चोरटा माल हुंगून काढणारे अनेक कुत्रे तिथे तयार होऊन देशभरच्या वनखात्यांकडे गेले आहेत. जर्मन शेफर्ड जातीचे ते कुत्रे महिनोन् महिने शिकतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणारी माणसेही शिकतात. साधारणपणे एका कुत्र्यामागे दोन माणसे. शिक्षण संपले की ती माणसे आणि तो कुत्रा एकत्रच नेमणुकीवर जातात. एका कुत्र्यावर दोन माणसांचा पूर्ण वेळ, आणि तोही सरकारी पगारावर!

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट ऐका. अरेरा कॉलनीत आमच्या एका मराठी स्नेह्यांकडे उतरलो होतो. मे महिना, पारा बेचाळिसाच्या वर. शेजारच्या बंगल्यात एक सेंट बर्नार्ड होता. दुपारी वीज गेली आणि त्या घरात धावपळ उडाली. वातानुकूलित खोलीतून त्याला बाहेर आणले, फरशीवर पाणी ओतले, मुलगी त्याच्या पोटाखाली ओले टॉवेल सरकवत बसली. कुत्रा जीभ बाहेर टाकून नुसता धापा टाकत होता. वीज आली तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्या कुटुंबाच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु हा प्राणी कुठला? स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरच्या खिंडीत, तिथल्या मठवासींनी बर्फात हरवलेल्या वाटसरूंसाठी पाळलेला. त्यांच्यातला बॅरी नावाचा कुत्रा १८१४ साली गेला, त्याचे पेंढा भरलेले शरीर आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. त्याची जात भोपाळच्या उन्हात काय करते आहे, असा प्रश्न त्या घरात कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे ऊन कमी म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल वाफ होऊन जाते, तेवढाच गारवा. हवाच दमट असेल तर ती वाफ होणार कशी? म्हणजे भोपाळचा बेचाळीस अंशांचा कोरडा उन्हाळा जितका वाईट, तितकाच पणजी-मडगावचा ऑक्टोबरही दाट केसांच्या कुत्र्याला वाईट. त्यात आपल्या पावसाळ्यात कातडीचे रोग आणि गोचिडांचा ताप. थोराड कुत्रा आजारी पडला की साठ-सत्तर किलोचे धूड जिना उतरवून डॉक्टरकडे न्यायचे कसे, हेही पिल्लू आणताना कोणाच्या मनात येत नाही. पिल्लू तेव्हा मांडीवर मावत असते ना!

या पिल्लांच्या बाबतीत आपल्या लोकांचे प्रेम बहुधा खाऊ घालण्यातून वाहते. जाडजूड दिसावा म्हणून भरपूर भरवायचे, हाडे मजबूत व्हावीत म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून कॅल्शियमची बाटली पाजायची. मोठ्या जातींत नेमके हेच घातक. ही पिल्ले दीड-दोन वर्षे वाढत असतात. फार झपाट्याने वजन वाढले, कॅल्शियम जास्त झाले, की हाडे आणि सांधे बिघडतात. पुढे तोच कुत्रा पाचव्या-सहाव्या वर्षी मागचे पाय ओढत चालतो. भरल्या पोटी धावला तर पोट फुगून आतल्या आत पीळ बसण्याचा धोका या खोल छातीच्या कुत्र्यांना विशेष असतो, आणि मग हातात काही तासच उरतात. शिवाय आयुष्य मुळात आठ-दहा वर्षांचे. ग्रेट डेनचे तर बऱ्याचदा त्याहूनही कमी. विकणारा यातले काही सांगत नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नसते. पण पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागणारा गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेला नाही.

हे झाले शरीराचे. खरी गोम स्वभावात आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना एक पत्र पाठवून तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगितले होते. ती यादी जरा निरखून पाहिली तर गंमत दिसते. पिटबुल आणि रॉटवायलर त्यात आहेतच, पण तुर्कस्तानचे कांगल आणि अकबाश, कॉकेशसचा शेफर्ड, मध्य आशियाई शेफर्ड, बाल्कन डोंगरातले शारप्लानिनात्स आणि टोर्न्याक हेही आहेत. हे सगळे मेंढपाळांचे राखणे कुत्रे. आपल्या घाटावरच्या धनगरांच्या कळपाबरोबर फिरणारा कुत्रा, किंवा हिमालयात गद्दी आणि बकरवाल लोकांचा, बिबट्याने मान धरू नये म्हणून खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालून फिरणारा कुत्रा, यांचेच हे परदेशी भाऊबंद. पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच त्याला मेंढरांत सोडतात. मेंढरे हेच त्याचे कुटुंब होते. लांडगा आला तर धन्याला विचारायला जायला वेळ नसतो, म्हणून शेकडो वर्षे माणसाने अशीच जनावरे निवडली जी धन्याला विचारत नाहीत, स्वतः ठरवतात. बहुतेक वेळा नुसत्या भुंकण्यावर आणि आडवे उभे राहण्यावर त्यांचे काम भागते.

असा कुत्रा बंगल्याच्या फाटकाशी बांधला तर त्याचा कळप कोण? घरातली माणसे. आणि लांडगा कोण? सकाळी पोदेर येतो, मग नुस्तेकार्न, मग गॅसचा सिलिंडर, कुरिअरवाला, मुलांचे मित्र. पोदेर पाव देऊन जातो तो त्याच्या कामासाठी, पण कुत्र्याच्या हिशेबात तो आपल्या भुंकण्यामुळे पळाला! रोज सकाळी त्याचा विजय होतो. सहा महिने हे चालले की तो पोदेराची वाट पाहू लागतो. दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा मार्ग नसतो, त्यामुळे भीती वाटली तर चावणे एवढेच त्याच्या हाती उरते. आणि मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ‘आमच्या टायगरसमोर कोणाची हिंमत नाही.’ आमच्या वाड्यावर असे एक घर आहे. पोदेर तिथे आत शिरत नाही, रस्त्यावरून भोंपू वाजवून पाव फाटकाच्या पिशवीत टाकतो.

यातून काय होऊ शकते ते आपण पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका ८२ वर्षांच्या बाईंचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या हणजुणात सात वर्षांचे मूल गेले, तेही पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात. त्यानंतर बंदीची मागणी उसळली, सरकारही त्या दिशेने निघाले. ज्या घरातले मूल गेले त्यांना ‘जात वाईट नसते, मालक वाईट असतो’ हे प्राणिप्रेमींचे ठरलेले वाक्य ऐकवण्याची माझी हिंमत नाही. शिवाय ते वाक्य अर्धेच खरे आहे. पामेरियनचा मालक कितीही बेफिकीर असला तरी त्याचा कुत्रा माणूस मारणार नाही. जबड्याची ताकद आणि वजन हेही सत्यच आहे, आणि मोठा कुत्रा बाळगणाऱ्यावर जास्त बंधने घातली तर त्यात अन्याय कसला?

पण नुसत्या यादीने काय साधते, तेही दिसले. केंद्राचे ते पत्र एप्रिल २०२४ मध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयात टिकले नाही. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले होते. समजा टिकले असते. यादीत नसलेली चोविसावी जात बाजारात यायला किती दिवस लागले असते? २००३ साली हचच्या जाहिरातीत एक पग काय दिसला, घरोघर पग आले. श्वास धड घेता न येणारे ते बिचारे कुत्रे आपण आपल्या उकाड्यात वाढवले. उद्या एखाद्या चित्रपटात कांगल दिसला की कांगल. आणि बंदी येणार अशी कुणकुण लागली की आधीपासून घरात असलेल्या कुत्र्याचे काय होते? रात्री गाडीतून नेऊन एखाद्या घाटात किंवा समुद्रकिनाऱ्यावर सोडून येतात. माणसाच्या हातून खाल्लेला, बिथरलेला मोठा कुत्रा रस्त्यावर, हा सर्वांत वाईट प्रकार.

आपल्या गोव्यात राखणदार हा शब्द हलका नाही. गावच्या सीमेवर फिरणाऱ्या राखणदाराला आपण रोट देतो, विडी ठेवतो, त्याच्या वाटेत काही बांधत नाही. त्याचे त्याला पोचले पाहिजे, हा गावाचा शिरस्ता. कुत्र्याकडून राखण मागताना मात्र त्याचे देणे आपण विसरतो. महाभारताची आठवण होते. शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे, पण आदिपर्वातला कुत्रा कोणी सांगत नाही. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिल्लू आले, त्याने हवीला तोंडही लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. सरमा जाब विचारायला आली आणि कोणी उत्तर दिले नाही, तेव्हा तिने शाप दिला की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. मला त्या कथेत पिल्लाच्या मारापेक्षा उत्तर न देणारा यजमान जास्त खटकतो.

म्हणून मला वाटते, उत्तर मालकाकडून घ्यावे. आज कुत्रा चावला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पाच हजार! त्या कुत्र्याच्या महिन्याच्या खाण्याला याहून जास्त लागतात. ठरावीक वजनावरच्या कुत्र्यासाठी पंचायतीने किंवा नगरपालिकेने आधी घर पाहावे: आवार किती, कुंपण किती उंच, रोज फिरवणार कोण. फिरवणारा पगारी पोरगा असेल तर त्याला कुत्रा आवरतो का. कातडीखाली चिप, म्हणजे टाकून दिला तर मालक सापडेल. जखमी माणसाच्या उपचाराचा खर्च मालकाने भरायचा, त्यासाठी विमा घ्यायचा. कायम साखळीला बांधून ठेवणे हा वेगळा गुन्हा धरावा. रेबीजच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. घरोघर आणि गल्लोगल्ली जाऊन वर्षाला लाखभर कुत्र्यांना लस टोचली, म्हणून २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झाले. तेव्हा ‘आमच्या यंत्रणेला एवढे कसे जमणार’ हे मला कोणी सांगू नये.

आणि ज्यांना खरोखरच कुत्रा हवा आहे, त्यांनी महिनाभर एक करून पाहावे. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पाऊण-एक तास, पाऊस असो की नसो, कुत्र्याशिवायच चालून यावे. आमच्या एका मित्राला रॉटवायलर हवा होता, त्याला मी हेच सांगितले. त्याने जूनमध्ये सुरुवात केली आणि आठवड्याने गावठी कुत्रीचे एक पिल्लू घरी आणले. ते आता त्याच्या व्हरांड्यात झोपते आणि पोदेराचा भोंपू ऐकला की शेपूट हलवत फाटकाशी जाते.