न चालतां वगळलेली वाट

इ. स. १९५६ सालीं ॲम्स्टरडॅम येथील एका उपाहारगृहांत आपल्या वाग्दत्त वधूसह कॉफी घेत बसलेल्या एड्स्गर डाइक्स्ट्रा ह्या तरुण डच शास्त्रज्ञानें, कागद-पेन्सिलीस हात न लावतां, अवघ्या वीस मिनिटांत एक रीत मनांत जुळविली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कसा काढावा, हा त्यापुढील प्रश्न होता. १९५९ सालीं ती रीत छापून प्रसिद्ध झाली.

तळ्यांत खडा टाकला असतां तरंग जसे चोहोंकडे सारखे पसरतात, तसा हा शोध निघाल्या गांवापासून पसरत जातो. जवळचें गांव आधीं, दूरचें मागाहून. उत्तर अचूक मिळतें. परंतु ग्रोनिंगेन ईशान्येस, आणि हा तरंग दक्षिणेच्या मास्त्रिख्तलाहि आधीं जाऊन पोहोंचतो. कां, तर तें शहर रॉटरडॅमला अधिक जवळ! नकाशा पाहिलेलें शाळकरी पोरहि तिकडे वळणार नाहीं.

यंत्राला हें शहाणपण कसें द्यावें, ह्याचा उलगडा कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें झाला. तेथें १९६६ पासून 'शेकी' नांवाचा चाकांवर फिरणारा यंत्रमानव तयार होत होता. खोल्यांतील ठोकळे चुकवीत त्यानें आपली वाट आपणच ठरवावी, असा बेत होता. त्याच उद्योगांतून पीटर हार्ट, निल्स निल्सन व बर्ट्रम राफेल ह्या तिघांनीं १९६८ सालीं 'ए-स्टार' ही रीत मांडली.

तींत प्रत्येक गांवाशीं दोन आंकडे मिळवावयाचे : आजवर चाललेलें अंतर आणि पुढील अंतराचा अंदाज. अंदाज म्हणून नकाशावरील सरळ रेषा घ्यावी. रॉटरडॅमहून उट्रेख्त सुमारे ६० किलोमीटर आणि तेथून ग्रोनिंगेन सरळ रेषेंत सुमारे १६०, बेरीज २२०. ब्रेडा ५० किलोमीटरच, पण तेथून सरळ रेषा २२० ची, बेरीज २७०. म्हणून यंत्र आधीं उट्रेख्तची वाट उघडतें व तिनें सुमारे २५० किलोमीटरांत ग्रोनिंगेन गांठतें. आतां ब्रेडाच्या वाटेवर पाऊलहि टाकण्याचें कारण उरत नाहीं. ती अगदीं सरळ निघाली तरी २७० च्या आंत येणें अशक्य! न चाललेली वाट वगळली, आणि तीहि पुराव्यानिशीं. मला ह्या रीतींतील हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

मात्र अंदाज खऱ्या अंतराहून कधींहि अधिक नसावा, अशी अट आहे. तो कमी पडला तर श्रम वाढतात, एवढेंच. शून्य धरला तर आपण पुन्हां डाइक्स्ट्राच्या तरंगावर येतों. पण तो फुगला तर उत्तमोत्तम वाट न तपासतांच मागें पडते, आणि मिळालेली वाटच उत्तम, असा खोटा भरंवसा बसतो. परगांवीं शिकावयास जाण्याचा विषय मुलीनें काढतांच आमच्या घरांतून अडचणींचे जे डोंगर उभे केले जात, त्यांची येथें आठवण व्हावी!

ही रीत रस्त्यांपुरतीच नाहीं. चौकटींत पंधरा सोंगट्या सरकवून क्रमानें लावण्याचें कोडें पुष्कळांच्या परिचयाचें असेल. तेथें गांवांच्या जागीं मांडण्या येतात, आणि त्या दहा लक्ष कोटींहून अधिक आहेत. प्रत्येक सोंगटी आपल्या जागेपासून किती घरें दूर आहे, त्यांची बेरीज हा अंदाज. एका चालींत एकच सोंगटी एकच घर सरकत असल्यानें तो कधींहि फुगत नाहीं. तरीहि अडचण उरते. मागें ठेवलेली प्रत्येक मांडणी ए-स्टारला स्मरणांत बाळगावी लागते, आणि गणकयंत्राचें स्मरण तेवढें पुरत नाहीं.

१९८५ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड कॉर्फ ह्यांनीं तोड काढली. यंत्रानें हातची एकच वाट लक्षांत ठेवावी. बेरीज ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जातांच मागें फिरावें. कोणतीच वाट मर्यादेंत न बसल्यास ती जरूर तेवढीच वाढवून शोध पुन्हां आरंभापासून करावा. पूर्वीचें बहुतेक काम पुनःपुन्हां करावें लागतें खरें. पण ह्याच विसराळू रीतीनें पंधरा सोंगट्यांच्या वाटेल तशा विस्कटलेल्या मांडण्या कमींत कमी चालींत प्रथम सुटल्या.