ड्रमसेट राहू द्या, पट्टी उतरवा

रविवारच्या उपासनेत पेटी वाजणार की गिटार, यावरून तुमच्याही चर्चमध्ये आजी-आजोबा विरुद्ध यूथ ग्रुप असा सामना रंगतो का? मग हे दोन्ही टीम्सना वाचून दाखवा.

ज्या मराठी भजनांना आज 'जुनी' म्हणतात, ती एकेकाळी चक्क नवी होती. मिशनच्या काळातली पुष्कळशी गीतं म्हणजे परदेशी चालीत कसंबसं बसवलेलं मराठी. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना ते रुचेना. त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची पदं लिहिली, कीर्तनं केली. 'उपासना संगीत' उघडा, त्यांची कितीतरी पदं सापडतील. त्याच्याही खूप आधी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि माणूस मूळचा इंग्लंडचा! आणि हो, पेटीसुद्धा युरोपातूनच आलीये. त्यामुळे 'आपलं वाद्य, परकं वाद्य' हा वाद राहू द्या.

माझं भांडण गिटारशी नाहीच. ते आहे पट्टीशी.

यूट्यूबवरचं हिंदी किंवा इंग्लिश गाणं मूळ गायकाच्याच पट्टीत उचललं जातं. लीड सिंगरला ते जमतं, कारण त्याची आठवडाभर प्रॅक्टिस झालेली असते. मागच्या बाकावरच्या मावशी मात्र दुसऱ्या ओळीलाच गप्प. प्रोजेक्टर शब्द दाखवतो, चाल कुठे दाखवतो? भजनात एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. वाचता न येणाऱ्यालाही गाता यायचं. आता स्टेजवर पाच जण गातात आणि शंभर जण बघतात. याला कॉन्सर्ट म्हणा ना, तिकीट लावा.

पण पंचमंडळींनो, लगेच खूश होऊ नका. ड्रमसेटला कुलूप लावलंत तर ही पोरं दुपारच्या एसी हॉलमधल्या उपासनेला जातील. ती परत येतीलच याची खात्री कोण देणार?

पुढच्या रविवारी एवढंच करून बघा. पट्टी दोन सुरांनी खाली घ्या. टिळकांचं एखादं पद गिटारवर बसवा. आणि तिसऱ्या कडव्याला सगळे माइक बंद करा. मंडळी गाताहेत की नुसती उभी आहेत, ते तिथल्या तिथे ऐकू येईल.