धावणाऱ्या लेकीचं ताट

भगिनींनो, २०१७ साली तैपेई इथं जगभरच्या विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत दहा हजार मीटर धावण्याचं रौप्यपदक मिळवलं ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या संजीवनी जाधवनं. त्याआधी २०१० साली हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतराचं कांस्यपदक आणलं होतं. आपलीही लेक कॉलेजात जाऊन धावू लागली, तर कौतुक वाटतंच. पण ती जेवते काय, हे कुणी विचारतं का?

पन्नास किलोची मुलगी दहा किलोमीटर धावली की साधारण पाचशे कॅलरी खर्ची पडतात. दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी म्हणा. रोजच्या जेवणावर या दोन भाकरी जादाच हव्यात. प्रत्यक्षात पहाटे नुसत्या चहावर मैदान, तिथून थेट कॉलेज, दुपारी खोलीवर गार डबा. वजन उतरलं की पाय हलके होतात, असंही काहींच्या डोक्यात असतं. सुट्टीत घरी आली, तर आईबरोबर सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते. दूध तोवर डेअरीत पोचलेलं असतं, हे का तुम्हांला सांगायला हवं?

असं फार दिवस कमी पडलं की शरीर काटकसर करतं. पाळी लांबते, मग बंदच होते. मुलगी कटकट गेली म्हणून खूश. आईला कळलं तरी लग्नाच्या धास्तीनं ती गप्प. पण इकडे हाडं झिजत असतात. ज्या वयात ती भरायची त्याच वयात ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते आणि महिनोन्‌महिने धावणं बंद. तीन महिने पाळी आली नाही, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्तही तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि धावणारीला तर लोह जास्तच लागतं.

त्यासाठी महागड्या भुकट्यांचे डबे नकोत. वजनास वजन धरलं, तर नागलीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं. बाजरीत लोह चांगलं. मटकी-हुलग्याच्या उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच वाया जातं. धावण्याआधी एखादं केळं, आल्यावर तासाभरात दूध-भाकरी किंवा अंडी-पोळी, एवढं तिला बजावून सांगा.

एसटीनं काही पाठवायचं असेल, तर नागलीचे लाडू पाठवा. पीठ तुपावर मंद आंचेवर खमंग भाजा, शेंगदाण्याचं कूट आणि किसलेला गूळ घाला, कोमट असतानाच वळा. खोलीतल्या मैत्रिणी वाटेकरी होणारच, तेव्हा दुपटीनं करा.