कॅन्टीन फुल्ल, ऑफिस रिकामं

समजा, तुमच्या कंपनीतली अर्धी माणसं सोडून गेली. उरलेली सगळी बरोब्बर एक वाजता कॅन्टीनमध्ये खेटून बसतात. एचआरने फक्त तिथलीच डोकी मोजली तर? रिपोर्ट येणार, ‘ऑल वेल!’

हसू नका. ऐंशीच्या दशकात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात असंच झालं. मासा होता कॉड. तोच तो, ‘फिश अँड चिप्स’मधला.

१९६८ मध्ये तिथून एका वर्षात सुमारे आठ लाख टन कॉड उपसला गेला, त्यातला बराचसा परदेशी ट्रॉलर्सनी. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखली आणि परदेशी बोटींना आवर घातला. आता मासेही आपले, शास्त्रज्ञही आपले. मग टेन्शन कसलं?

सरकारी शास्त्रज्ञांकडे दोन आकडे असायचे. एक संशोधन-बोटीचा. ती ठरलेल्या पद्धतीने वेगवेगळ्या ठिकाणी जाळं टाकायची, मासे मिळोत न मिळोत. दुसरा ट्रॉलर्सचा, म्हणजे तासाला किती मासा हाती लागला. गोम इथेच होती. ट्रॉलरवाला रिकाम्या समुद्रात कशाला जाईल? त्यात कॉड थव्याने राहणारा. संख्या घटली तरी उरलेले दाटीवाटीने एकत्र, आणि सोनार त्यांना अचूक हुडकणार. समुद्र रिकामा होत होता, जाळी मात्र भरत होती. कॅन्टीन फुल्ल!

किनाऱ्याजवळ छोट्या होड्या घेऊन जाणारे मच्छीमार कधीपासून ओरडत होते, ‘मासा कमी झालाय, लहान मिळतोय.’ पण त्यांच्याकडे ग्राफ नव्हता ना!

१९८९ मध्ये शास्त्रज्ञांचे डोळे उघडले. त्यांचा सल्ला होता, सव्वा लाख टनांवर थांबा. पण एवढी कपात म्हणजे गावंच्या गावं बेकार. मंत्र्यांनी कोटा ठरवला २ लाख ३५ हजार टन! १९९० मध्ये लेस्ली हॅरिस यांच्या समितीनेही बजावलं, की साठ्याचे आधीचे अंदाज फुगलेले होते.

२ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारी बंद केली. ते स्वतः न्यूफाउंडलंडचेच. बाहेर संतापलेले मच्छीमार दारावर धडका देत होते. एका घोषणेत सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. म्हणजे अख्खं आयटी पार्क एका दुपारी घरी!

बंदी होती दोन वर्षांची. उठली २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी, आणि कोटा मिळाला १८ हजार टनांचा. त्याआधी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजणीचं मॉडेल बदललं, १९५४ पासूनची माहिती त्यात घेतली आणि धोक्याची रेषा खाली आली. मग प्रश्न आलाच, मासे वाढले की फूटपट्टी बदलली? त्यावर अजून वाद आहे.

तेव्हा दोस्तहो, सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी झक्कास ग्राफ दाखवला की टाळ्या जरूर वाजवा. फक्त हळूच विचारा, ‘बॉस, हे मोजलं कुठे?’ आणि ज्याच्याकडे ग्राफ नाही, पण जो रोज होडी घेऊन जातो, त्यालाही एक फोन करा.