दगडाला सिमेंट नको, चुना हवा



आपल्या भागात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली वर्गणी जमते ती सिमेंटच्या पोत्यांची. "माझ्याकडून दहा पोती लिहा," असे दाता मोठ्या मनाने सांगतो. भावना चांगलीच आहे. पण ती पोती जुन्या दगडावर पडली की काय होते, ते मी माझ्या आजोळी पाहिले आहे. मी कॉलेजात असताना तिथल्या जुन्या देवळाच्या जोत्याचे सांधे सिमेंटने भरले आणि उडालेल्या कपच्यांच्या जागी सिमेंटचाच गिलावा मारला. दोन-तीन वर्षे देऊळ नवेकोरे दिसले. आज सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा आहेत आणि मधला दगड बोटभर आत गेला आहे. हात फिरवला की भुकटी निघते.

याचे कारण साधे आहे. दगडात ओल शिरतेच, काही जमिनीतून चढते, काही पावसात वरून मुरते. चुन्याचा सांधा ती ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवून धरते. मग पाणी दगडाच्या तोंडातून सुकते, त्यासोबत आलेले क्षार तिथेच साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटचे स्वतःचे क्षार त्यात भर घालतात. शिवाय सिमेंट ताठ असते. उन्हाने दगड फुगला, थंडीने आकसला की सगळा ताण दगडावरच येतो.

म्हणून सांधा दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचे ते सांध्याने. तो पुन्हा भरता येतो, कोरीव दगड पुन्हा मिळत नाही. मी बँकेतला माणूस, माझ्या भाषेत सांगायचे तर सांधा हा चालू खर्च आहे आणि दगड हे भांडवल. आपण चालू खर्च वाचवायला भांडवल मोडतो आहोत. हेमाडपंती बांधणीत तर दगडावर दगड नेमका बसवलेला असतो, त्यात चुनाही नसतो. तिथे सांधे बुजवण्याचा हट्ट कशाला?

तुटलेला कोपरा भरायचा तर सैल भाग हलक्या हाताने छिन्नीने काढावा, धूळ झाडावी, दगड ओला करावा. मुरवलेला चुना, वाळू आणि त्याच जातीच्या दगडाची भुकटी कालवून पातळ थर द्यावेत आणि ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू द्यावेत. मे महिन्याच्या उन्हात किंवा भर पावसात हे काम काढू नये. भार पेलणारा दगडच फुटला असेल तर नुसते भरून भागत नाही, तिथे त्याच जातीचा दगड घडवून बसवावा लागतो.

घाईच्या दुरुस्तीची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी पट्ट्या घालून दगड जोडले. ते लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. पुढे ते काढून टायटॅनियम घालावे लागले. आपल्या पंढरपुरात २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या जतनासाठी १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवले, ते २ जूनला सुरू झाले. मधल्या काळात बसवलेल्या फरशा काढून मूळ दगड मोकळा केला. विठोबाच्या देवळात जे उलट करावे लागले, ते आपण मुळात करूच नये.

हा विषय या पत्रकात का? १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर तिकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून मराठीच्या हक्काची गोष्ट निघाली की आपण आपले जुने वाडे, विहिरी, देवळे दाखवतो आणि म्हणतो, आम्ही पिढ्यानपिढ्या इथलेच आहोत. तो पुरावाच पुसला तर काय दाखवणार? २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. आता निधी येईल, कामे निघतील. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे २०१४ चे जतन धोरण पारंपरिक साहित्यावर भर देते खरे, पण आपली बहुतेक देवळे आणि वाडे संरक्षित यादीत नाहीत. तिथे राखणदार आपणच.

चुन्याला वेळ लागतो, गवंडी मिळत नाहीत, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच येत्या आमसभेत ठराव मांडावा असे सुचवतो.

पहिले, कामाआधी प्रत्येक जुन्या वास्तूची मोजमापे आणि फोटो मंडळाच्या दप्तरी ठेवावेत. दुसरे, दगडी कामाच्या निविदेत चुना असे स्पष्ट लिहावे आणि आडोशाच्या कोपऱ्यात नमुना करून तो एक पावसाळा पाहावा. तिसरे, सिमेंटच्या पोत्यांऐवजी वर्गणी आपल्याच भागातील दोन-तीन तरुण गवंड्यांना चुन्याचे काम शिकवण्यासाठी जमवावी.

मोहगावात अर्धनारीश्वराच्या दर्शनाला दुरून माणसे येतात. कोणत्याही समितीवर माझा रोख नाही. पण पुढच्या वेळी कुणी दहा पोती लिहायला सांगितली, तर वही मिटून आधी एवढे विचारा: कुठे वापरणार?

– एक बँक कर्मचारी, मोहगाव