रिकाम्या गळाचीही नोंद हवी

१/ जालना जिल्ह्यातील शहागड. धुळे–सोलापूर महामार्ग येथे गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण (१९७६), खालच्या अंगाला जोगलादेवीचा बंधारा. पाणी अडले की मासेही बदलतात, हे काठावरच्या भोयांना सांगावे लागत नाही. धरणाची पाणीपातळी रोज नोंदली जाते. माशांचे दप्तर मात्र कोणी ठेवायचे?

२/ उत्तरासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्यास नेमले. शेती, लोकसंख्या, पक्षी यांच्याबरोबर त्याने येथील नद्यांतील मासेही टिपले. पुढे लंडनमध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली.

३/ नामकरण करताना त्याने अनेकदा काठावरचेच शब्द उचलले. खुद्री, पोटैल, नुक्ता, कोलूस, बोग्गुट : त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लॅटिन नावांत जाऊन बसले आणि आजही तेथेच आहेत. नावे माशांची उरली. ती सांगणाऱ्यांची उरली नाहीत.

४/ त्यांतील खुद्री म्हणजे पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेला महसीर, ‘टॉर खुद्री’. १९७० च्या दशकापासून टाटांच्या लोणावळ्यातील केंद्रात त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली. तेथील पिल्ले इतर राज्यांतील नद्यांतही सोडली गेली. कावेरी त्यांपैकीच एक.

५/ कावेरीत मुळातच एक महसीर होता : नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला, जगभरच्या हौशी गळकऱ्यांना खेचून आणणारा. कर्नाटकातील गलिबोरे येथील तळावर मासा धरायचा, वजन करायचे आणि परत सोडायचे, असा नियम होता. सोडण्यापूर्वी वहीत नोंद होई.

६/ १९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या संशोधकांनी पुढे तपासल्या. गळ टाकून बसण्याचे २३,६२० तास आणि ६,१६१ महसीर. सर्वांत मोठा ४६ किलोंहून अधिक वजनाचा. छंद म्हणून लिहिलेली वही नदीची बखर ठरली.

७/ एकूण आकडा दिलासा देणारा होता : तासामागे मिळणारे मासे वाढत होते. पण वहीत माशाचा प्रकारही लिहिलेला होता. वाढ झाली होती ती बाहेरून आलेल्या निळसर परांच्या महसीराची. उंचवट्याचा मूळ महसीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये त्याची ‘टॉर रेमादेवी’ अशी ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

८/ याचा सगळा दोष खुद्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी हीही कारणे आहेत. परंतु सद्हेतूने केलेल्या संवर्धनाची दुसरी बाजू उघड झाली ती हौशी लोकांच्या वह्यांमुळेच.

९/ आक्षेप रास्त आहे : हौशी माणूस मोठ्या माशामागे धावतो, बारीक मासळी त्याच्या वहीत येत नाही. खरे आहे. पण कोणते दप्तर निःपक्षपाती असते? महसुली कागदांत तरी भूमिहीन कितीसे दिसतात? साधनाचा कल ओळखून ते वाचणे हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे काम.

१०/ म्हणूनच रिकाम्या गळाचे मोल मोठे. इंग्लंडमध्ये सॅमनसाठी परवाना घेणाऱ्याला वर्षाअखेर हिशेब द्यावाच लागतो, एकही मासा मिळाला नसला तरी. नॉर्वेत गळकरी सॅमनचे खवले जमा करतात. खवल्यांवरील वलयांवरून वय कळते आणि मासा नदीचा की पिंजऱ्यातून निसटलेला, हेही.

११/ शहागडला महसीर किंवा सॅमन नसल्याने काही बिघडत नाही. मरळ, वाम, तिलापिया यांचीही वही होऊ शकते. रकाने चारच : तारीख, जागा, किती तास, काय मिळाले. पाचवा रकाना माशाच्या स्थानिक नावाचा आणि सहावा ते नाव सांगणाऱ्याचा, त्याची संमती असेल तर.

१२/ साइक्सच्या लेखनात राहून गेलेला रकाना तो सहावाच. शिलालेख आणि ताम्रपट शोधत फिरणाऱ्या तरुणांनी पुलाखाली गळ टाकून बसलेल्या माणसाजवळही थोडे थांबावे. पन्नास वर्षांनी गोदावरीचा इतिहास लिहिणाऱ्याला पाणीपातळीचे आकडे मिळतीलच. त्या पाण्यात काय जगत होते, हे त्याला कळणार की नाही, ते आजच्या वहीवर ठरेल.