गोळीने धरलेली गाठ बाटलीने विरत नाही

स्नायू भराभर भरावेत म्हणून प्रोहॉर्मोनच्या, म्हणजे शरीरात गेल्यावर हॉर्मोन बनणाऱ्या पदार्थांच्या, गोळ्या घ्यायच्या, त्यांनी स्तनाग्राखाली गाठ धरली की ती विरवण्यासाठी त्याच दुकानातून दुसरी बाटली आणायची, हा प्रकार अमेरिकेतल्या जिममध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस रुजला आणि तिथून जगभर पसरला. दुसऱ्या बाटलीवर ‘एस्ट्रोजेन ब्लॉकर’ असे काहीतरी छापलेले असते आणि आत क्रायसिन, कोबीवर्गीय भाज्यांमधून मिळणारे इंडोल, सॉ पाल्मेटो, जस्त आणि पुष्कळदा आपल्या ओळखीचा गोखरूही असतो. जिमच्या भाषेत या गाठीला ‘गायनो’ म्हणतात, डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. या दुसऱ्या बाटलीने गाठ जात नाही, एवढेच सांगून भागणार नाही. गाठीवर औषधाचा उपयोग होण्याची मुदत थोडी असते आणि नेमकी तीच मुदत ही बाटली खाऊन टाकते. या सप्लिमेंटवर माझा मुख्य आक्षेप आहे तो हा.

गाठ का धरते ते आधी पाहू. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनबरोबर थोडे एस्ट्रोजेनही असते आणि त्यातले बहुतेक टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. चरबी, त्वचा, स्नायू अशा ठिकाणी अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर हे रूपांतर करते. पुरुषाच्या स्तनाग्रामागेही दुग्धनलिकांचे अविकसित ऊतक असते. एस्ट्रोजेन त्याला वाढायला सांगते, टेस्टोस्टेरॉन त्याला आवरून धरते आणि हा तोल एस्ट्रोजेनकडे झुकला की ऊतक वाढू लागते. प्रोहॉर्मोन हा तोल दोन बाजूंनी बिघडवतात. अँड्रोस्टेनडायोनसारख्या प्रोहॉर्मोनचे अ‍ॅरोमाटेज थेट एस्ट्रोजेन करते. शिवाय बाहेरून हॉर्मोन येत असल्याचे कळल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो, म्हणून गोळ्या बंद केल्यावर काही काळ स्वतःचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे तयारच होत नाही. गोळ्यांची ‘सायकल’ संपल्यावर काही आठवड्यांनी गाठ लागल्याचे अनेक जण सांगतात, त्याचे एक कारण हे असू शकते.

अँड्रोस्टेनडायोन जगाला माहीत झाले ते 1998 साली. मार्क मॅकग्वायर हा बेसबॉलपटू त्या हंगामात 70 होमरन मारत असताना त्याच्या लॉकरमध्ये या गोळ्यांची बाटली दिसली. तेव्हा त्या विकणे कायदेशीर होते, कारण अमेरिकेच्या 1994 च्या कायद्याने सप्लिमेंट विकण्याआधी ते सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन विक्रेत्यावर ठेवलेले नाही. पुढच्याच वर्षी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजने उचलणाऱ्या तरुणांना आठ आठवड्यांच्या व्यायामक्रमात रोज 300 मिलिग्रॅम अँड्रोस्टेनडायोन दिले, तरी टेस्टोस्टेरॉन वाढले नाही आणि ताकद नकली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली नाही. एस्ट्रोजेन मात्र वाढले आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटले. म्हणजे ज्या कामासाठी गोळी घेतली ते झाले नाही, आणि जे टाळायचे होते तेच हाती आले. 2004 मध्ये अमेरिकेने अँड्रोस्टेनडायोनला नियंत्रित स्टिरॉइडांच्या यादीत टाकले.

आपल्या प्रश्नाला याहून महत्त्वाचा प्रयोग 2000 साली त्याच संशोधकांच्या वर्तुळातून आला. गोळीतच एस्ट्रोजेन रोखणारे घटक घातले तर काय होईल, हे त्यांना तपासायचे होते. अँड्रोस्टेनडायोनबरोबर डीएचईए हे आणखी एक प्रोहॉर्मोन, गोखरू, क्रायसिन, इंडोल-3-कार्बिनॉल आणि सॉ पाल्मेटो असे मिश्रण तरुणांना आठ आठवडे दिले. दुकानातल्या ‘ब्लॉकर’च्या लेबलवर आजही यातली शेवटची चार नावे असतात. एस्ट्रोजेन तरीही वाढलेच. त्यातले क्रायसिन परीक्षानळीत अ‍ॅरोमाटेजला खरोखर अडवते आणि जाहिरातीचा सारा भर तेवढ्यावर असतो. पण तोंडावाटे घेतलेले क्रायसिन आतडे आणि यकृत लगेच निकामी करून बाहेर टाकतात, रक्तात ते नावापुरतेच पोचते. गोखरूची दशा वेगळी नाही. दशमुळांत त्याला स्थान आहे आणि मूत्रविकारांवर तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्या परंपरेत स्तनाची गाठ विरवण्याचे काम त्याच्याकडे नव्हते, ते त्याच्या गळ्यात सप्लिमेंटच्या धंद्याने बांधले. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंवर 2007 मध्ये झालेल्या चाचणीत पाच आठवडे गोखरू घेऊनही टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले नाही.

यावर जाणकार विचारतील, की वनस्पती दुबळ्या असतील, पण एस्ट्रोजेन खरोखर उतरवणारा पदार्थ मिळाला तर? त्याचे उत्तर औषधांच्या चाचण्यांत आहे. अ‍ॅनास्ट्रोझोल हे अ‍ॅरोमाटेज रोखणारे खरेखुरे, प्रबळ औषध आहे. वयात येताना स्तनवाढ झालेल्या मुलांना ते सहा महिने दिले. स्तनाचे आकारमान निम्म्याने तरी घटलेली मुले औषध घेणाऱ्यांत 38.5 टक्के निघाली आणि नकली गोळी घेणाऱ्यांत 31.4 टक्के. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतला हा फरक भरवशाचा मानता येण्याजोगा नव्हता. पुढच्या वर्षी प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. बायकाल्युटामाइड या औषधाने त्यांना स्तनवाढ होते. ते एकटे घेणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना ती झाली, सोबत अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 51 टक्क्यांना, तर सोबत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी फक्त 10 टक्क्यांना. टॅमॉक्सिफेन एस्ट्रोजेन बनणे थांबवत नाही, ते स्तनाच्या ऊतकातच एस्ट्रोजेनची जागा अडवते. हे रुग्ण जिममधले तरुण नव्हते आणि तिथे प्रश्न गाठ होऊ न देण्याचा होता, हे मान्य करूनही मला हा पुरावा बोलका वाटतो. रक्तातले एस्ट्रोजेन खाली आणणे आणि स्तनातली वाढ थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामातले खरे औषध जिथे अपुरे पडते, तिथे त्याची दुबळी नक्कल करणाऱ्या बाटलीकडून दुसऱ्या कामाची आशा धरायला काहीच आधार नाही.

‘पण माझी गाठ या गोळ्यांनीच गेली,’ असे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. वरच्या चाचणीतला 31.4 हा आकडा पुन्हा पाहावा. काहीही औषध न मिळालेल्या जवळपास एक तृतीयांश मुलांची वाढ आपोआप निम्म्यावर आली. प्रोहॉर्मोनने आलेल्या ताज्या गाठीचेही, कारण थांबवले तर, अनेकदा असेच होते: सुरुवातीचा हुळहुळेपणा जातो, सूज ओसरते, काहींची गाठ पूर्ण विरते. ब्लॉकरची बाटली घेणारा बहुधा त्याच दिवशी प्रोहॉर्मोनही बंद करतो. आराम प्रोहॉर्मोन बंद केल्याने पडतो, श्रेय मात्र बाटलीला मिळते. ज्यांची गाठ गेली नाही ते गप्प बसतात, म्हणून ऐकू येतात त्या फक्त यशाच्या गोष्टी.

काही ब्लॉकर मात्र खरोखर परिणाम करतात, आणि त्यांची मला जास्त भीती वाटते. अमेरिकेत ‘6-ऑक्सो’ आणि ‘एटीडी’ ही स्टिरॉइडच्या घडणीची अ‍ॅरोमाटेज-रोधके कित्येक वर्षे सप्लिमेंट म्हणून विकली गेली. शरीरातल्या हॉर्मोनची पातळी हलवणारा पदार्थ म्हणजे औषध. ते औषध मात्रा, देखरेख आणि रक्ततपासणी यांच्याविना घेणे धोक्याचेच, कारण पुरुषाची हाडेसुद्धा एस्ट्रोजेनवर टिकतात आणि ते फार उतरले तर ठिसूळ होतात. शिवाय लेबलवर लिहिले आहे तेच आत आहे याची खात्री कुणी द्यायची? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 ते 2016 या काळात 776 सप्लिमेंटमध्ये न सांगता मिसळलेली औषधे पकडली. त्यातल्या स्नायूवर्धक उत्पादनांत बहुतेक ठिकाणी स्टिरॉइड किंवा तत्सम पदार्थच सापडले. पहिली गाठ ज्याने दिली तेच दुसऱ्या बाटलीत असण्याची शक्यता उरतेच.

आता मुदतीचा मुद्दा. नवी गाठ मऊ, दुखरी आणि वाढती असते. साधारण सहा महिने ते वर्षभरात तिच्यातली वाढ मंदावते आणि ऊतक तंतुमय, घट्ट होते. ताज्या गाठीवर डॉक्टर टॅमॉक्सिफेन देऊ शकतात आणि त्याचा उपयोगही पुष्कळदा होतो. तंतुमय झालेल्या गाठीवर औषध चालत नाही, मग शस्त्रक्रियाच उरते. तीन महिन्यांचा ब्लॉकरचा ‘कोर्स’, मग दुसऱ्या कंपनीचा आणखी तीन महिने, यात ही मुदत निघून जाते. टॅमॉक्सिफेन हाच उपाय असेल तर तेच परस्पर दुकानातून आणावे, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि ते चिठ्ठीवरच मिळण्याचे औषध आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंसाठी तर ते आणि अ‍ॅरोमाटेज-रोधके दोन्ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत आहेत.

डॉक्टरकडे न जाण्याचे खरे कारण लाज असते, आणि ही अडचण मी सर्वांत गांभीर्याने घेतो. छाती दाखवायची लाज, आणि काय घेतले ते सांगायची त्याहून मोठी. यात दोष एकट्या तरुणाचा नाही. ‘कुणी सांगितले होते घ्यायला?’ एवढ्या एका वाक्याने तो पुन्हा दुकानदाराकडे परततो, कारण दुकानदार त्याला नावे ठेवत नाही. डॉक्टरांनी हे वाक्य आवरायला हवे. कारण तपासणीत नुसती गाठ पाहायची नसते. ती ग्रंथी आहे की नुसती चरबी, हे हाताने पाहावे लागते. वृषणाच्या ट्यूमरमुळे, थायरॉइडच्या किंवा यकृताच्या आजारामुळे आणि केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या फिनास्टेराइडसारख्या औषधांमुळेही स्तनवाढ होते. पुरुषांना स्तनाचा कर्करोगही होतो, स्तनाच्या एकूण कर्करोगांत तो साधारण एक टक्का. एकाच बाजूची कडक, एका कडेला सरकलेली गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा स्राव, ओढली गेलेली त्वचा यांपैकी काहीही दिसले तर एक दिवसही थांबू नये. प्रोहॉर्मोन घेतले होते म्हणून गाठ त्यांचीच, असे बाटलीच्या भरवशावर ठरवणाऱ्याला यातले काही कळण्याचा मार्गच राहत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार हेल्थ सप्लिमेंटमध्ये हॉर्मोन किंवा स्टिरॉइड घालता येत नाही, म्हणजे प्रोहॉर्मोन असलेले सप्लिमेंट भारतात कायदेशीर असूच शकत नाही. जिमच्या काउंटरवरून आणि ऑनलाइन होणाऱ्या विक्रीवर या नियमाची अंमलबजावणी करणे हे अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे आणि त्यांनी नमुने तपासून ते करावे. ज्याच्या स्तनाग्राखाली आज गाठ लागते आहे, त्याने तोवर थांबू नये. प्रोहॉर्मोन बंद करावे, ब्लॉकर आणू नये, घेतलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून याच आठवड्यात एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा सर्जनकडे जावे आणि काय, किती, किती दिवस घेतले ते काहीही न लपवता सांगावे.